लसूण, ऑलिव्ह तेल आणि स्पगेटी : फोडणी न देता करायचा नापोलीचा पास्ता

सांजवात (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी 'आल्यो ए ओल्यो' या पास्त्याचा ओझरता उल्लेख केला, तेव्हा चार-पाच जणांनी कृती सविस्तर लिहायला सांगितले होते. कांदेनवमी तोंडावर आली आहे आणि त्यानंतर आपल्यापैकी अनेकांच्या घरी चातुर्मासभर लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही, म्हणून फार न लांबवता आजच लिहायला बसले आहे.

इटालियन भाषेत 'आल्यो' म्हणजे लसूण, 'ओल्यो' म्हणजे तेल आणि मधला 'ए' म्हणजे 'आणि'. नाव एवढेच आहे आणि पदार्थही जवळजवळ एवढाच आहे. नेपल्स, म्हणजे तिथल्या लोकांची नापोली, हे त्याचे माहेर मानले जाते. रोमची माणसेही तो आपलाच समजतात. रात्री उशिरा मित्रमंडळी घरी जमली, पोटात कावळे ओरडू लागले आणि फडताळात लसूण, तेल व पास्ता यांपलीकडे काही नसले की हा पास्ता टाकतात. अशा जेवणाला तिथे 'मध्यरात्रीची स्पगेटी' असे रूढ नावच आहे.

मी नापोलीला लागून असलेल्या पोर्तिची या गावात दोन वर्षे राहिले. नापोली विद्यापीठाचा शेतकी विभाग तिथे एका जुन्या राजवाड्यात आहे आणि माझे काम तिथेच होते. पहिल्या महिन्यात मी हा पास्ता आपल्या हाताच्या सवयीने केला. तेल कडकडीत तापवले, ठेचलेला लसूण टाकला, चर्र झाले, लसूण लाल झाला, वर सुक्या मिरच्या चुरडल्या आणि शिजलेली स्पगेटी त्यात ओतली. ठसक्याने जिना भरला आणि खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई वर आल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला, चमच्याने थेंबभर तेल चाखून तोंड वाकडे केले, पॅन रिकामा करून घासला, पुसला आणि तो थंड पॅन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "इथून सुरू कर."

आपल्या फोडणीत तेल तापावेच लागते, कारण त्याशिवाय मोहरी तडतडत नाही, आणि लसूण लाल करतो तो पुढे पडणाऱ्या डाळीला किंवा पालेभाजीला पुरून उरावा म्हणून. इथे पुढे काहीच पडणार नसते. लसणाचा स्वाद सावकाश तेलात उतरवायचा आणि तेच तेल पास्त्याला माखायचे, एवढाच सारा व्यवहार असल्यामुळे लसूण करपला की तो कडवटपणा झाकायला दुसरे काही उरत नाही.

दोन माणसांसाठी 200 ग्रॅम स्पगेटी, पाऊण वाटीहून थोडे कमी म्हणजे सुमारे 80 मिलिलिटर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, आपल्याकडच्या लसणाच्या सात-आठ मध्यम पाकळ्या, एक-दोन सुक्या लाल मिरच्या, मूठभर बारीक चिरलेली पार्सली आणि मीठ घ्यावे. इटलीत पाण्याचे प्रमाण एक, दहा, शंभर या आकड्यांनी लक्षात ठेवतात, म्हणजे 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ. मी स्वतः पाणी थोडे कमी, दोघांना दीड लिटर घेते आणि मीठही त्या हिशोबाने 15 ग्रॅम घालते. पाणी कमी घेण्याचे कारण पुढे येईलच.

पाण्याला उकळी आली की आधी मीठ आणि मग पास्ता घालावा. स्पगेटी मोडू नये. बुडालेला भाग अर्ध्या मिनिटात मऊ पडतो आणि बाकीची हलकेच दाबल्यावर आपोआप आत जाते. दुसरीकडे थंड पॅनमध्ये थंड तेल आणि लसणाचे पातळ काप एकत्र घालून पॅन मंद आचेवर ठेवावा. पाकळी उभी चिरून आतला हिरवा कोंब आधी काढून टाकावा. पावसाळ्यात लसणाला कोंब फार लवकर येतात आणि ते कडू लागतात. पॅन थोडा तिरका धरला तर तेल एका कडेला साचते आणि सगळे काप बुडून राहतात. दोन-तीन मिनिटांनी कापांच्या कडेने बारीक बुडबुडे येऊ लागतात. हे बुडबुडे म्हणजे लसणातले पाणी बाहेर पडत असते आणि ते पाणी असेपर्यंत लसूण करपत नाही. बुडबुडे विरळ होऊ लागले की डोळ्यांत तेल घालून पाहावे (वाक्प्रचार आपसूक आला, त्याला माझा इलाज नाही), कारण तिथून पुढे फिकट सोनेरीचा तपकिरी व्हायला काही सेकंदच लागतात. कापांच्या कडा जेमतेम पिवळसर झाल्या की मिरच्या मोडून घालाव्यात, गॅस बंद करावा आणि पास्त्याचे उकळते पाणी पळीभर त्यात घालावे. पाणी पडताच तेल फुसफुसते आणि लसणाचे शिजणे तिथेच थांबते. पाणी घालताना पॅनवर वाकू नये.

पाकिटावर 10 मिनिटे लिहिली असतील तर पास्ता आठव्या मिनिटालाच चिमट्याने उचलून, निथळत बसू न देता, सरळ तेलात घालावा. मग आच मोठी करून आणखी एक-दोन पळ्या पाणी घालावे आणि दोन मिनिटे तो सतत हलवत, जमल्यास पॅनमध्येच उडवत राहावा. सुरुवातीला तळाशी तेल आणि पाणी वेगवेगळे दिसते. हलवता हलवता ते एकजीव होऊन दाटसर, दुधट रसासारखे होते आणि प्रत्येक तारेला चिकटते. ते झाले की पार्सली घालून लगेच वाढावे. थाळी वाट पाहत असावी, पास्ता नव्हे.

हिंगाष्टक

कृती उत्तम उतरली आहे, परंतु मला प्रामाणिकपणे एक शंका विचारायची आहे. लसूण, तेल आणि मीठ यांवर जेवण उरकायचे असेल तर आमच्याकडे भाकरीवर तेल-चटणी आहेच, मग त्यासाठी एवढा तिरका पॅन कशाला धरायचा? शिवाय याच नावाचा पास्ता मी शहरातल्या एका उपाहारगृहात खाल्ला आहे आणि त्यात ब्रोकोली, मशरूम, मक्याचे दाणे आणि वरून ओरेगॅनो असा सगळा बाजार होता. तो काय होता?

सांजवात

हिंगाष्टक, तो ब्रोकोलीचा पास्ता होता आणि कदाचित चांगलाही असेल, पण 'लसूण आणि तेल' असे नाव सांगून पानात मक्याचे दाणे वाढणे मला पटत नाही. तेल-चटणीची तुलना मात्र मला अगदी मान्य आहे. ज्या घरात लाकडी घाण्याचे तेल आणि पाट्यावरची चटणी असते तिथे तेल-चटणी हे पक्वान्न असते, आणि तेच तेल खवट निघाले तर घास गिळवत नाही. या पास्त्याचेही तसेच आहे. त्यात लपवायला जागा नाही.

अर्धाकप

सांजवातताई, तुम्ही मागे लिहिलेल्या दोन ओळींवर भरवसा ठेवून मी हा पास्ता मागच्या रविवारी करून पाहिला आणि तो पुरता फसला. लसूण करपला नाही, परंतु सगळे तेल ताटलीच्या तळाशी आणि वर कोरडी, एकमेकींना चिकटलेली स्पगेटी, असे झाले. मी शिजवतानाच पाण्यात दोन चमचे तेल घातले होते आणि नंतर पास्ता चाळणीत ओतून गार पाण्याखाली धुतला होता, कारण हक्का नूडल्स करताना तसे करतात. पाणी अर्थातच मोरीत गेले. यात नेमके कुठे चुकले?

रसायन

अर्धाकप, धाग्यावरच्या इतर कोणाच्या आधी मीच उत्तर देतो, कारण हा प्रश्न माझ्या विषयातला आहे. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि घरी भांडी घासतो, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

तुमच्या हातून नेमके ते पाणीच गेले ज्यावर हा पदार्थ उभा राहतो. पास्ता ज्या रव्याचा करतात त्यातले स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात आणि त्यांतला काही स्टार्च सुटून पाण्यात उतरतो. पास्ता शिजलेले पाणी गढूळ दिसते ते त्यामुळेच. तेल आणि साधे पाणी कितीही ढवळले तरी थोड्या वेळाने वेगळे होतात. त्याच पाण्यात पुरेसा स्टार्च असेल आणि मिश्रण जोरात हलवले तर तेलाचे फार बारीक थेंब होतात, पाणी दाट झालेले असल्यामुळे हे थेंब सहजासहजी पुन्हा एकमेकांना मिळत नाहीत आणि आपल्याला तो दुधट रस दिसतो. याला इमल्शन म्हणतात. पाणी कमी घेतले की त्याच पास्त्यातून उतरलेला स्टार्च कमी पाण्यात राहतो, म्हणजे पाणी अधिक दाट होते. धागाकर्तीने दीड लिटर सांगितले त्याचे कारण हे असावे.

आता तुमच्या दोन सवयींकडे येतो. शिजवण्याच्या पाण्यात घातलेले तेल वरच तरंगते आणि पास्ता चिकटू नये यासाठी त्याचा जवळजवळ काही उपयोग नसतो. पहिली दोन मिनिटे हलवत राहणे हाच त्यावरचा उपाय आहे. गार पाण्याने धुतल्यावर तारेवरचा स्टार्चचा थर निघून जातो आणि पास्ता थंडही होतो. हक्का नूडल्समध्ये प्रत्येक तार सुटी हवी असते म्हणून तिथे धुणे योग्य आहे. इथे रस तारेला धरून राहायला हवा असतो, त्यामुळे हेच धुणे मारक ठरते.

लसणाबद्दलही थोडे लिहितो. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती कापली किंवा ठेचली की पेशी फुटतात, आतले अ‍ॅलिन हे संयुग आणि अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम) एकमेकांना भेटतात आणि त्यातून तिखट वासाचे अ‍ॅलिसिन तयार होते. जितक्या जास्त पेशी फुटतील तितका उग्रपणा वाढतो, म्हणून ठेचलेला लसूण कापांपेक्षा तिखट लागतो. ठेचलेल्या लसणाचे कण लहान असल्यामुळे त्यांतले पाणी चटकन उडते आणि ते आधी करपतात. बाटलीतली आले-लसूण पेस्ट इथे वापरू नका, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही.

कृष्णाकाठ

रसायन सरांचे वाचताना मला कढीची आठवण झाली. ताक तापवताना फुटू नये म्हणून आपण त्याला बेसन लावतो, तसाच हा प्रकार दिसतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या सांगलीकडे चैत्र-वैशाखात घरोघरी शेवया होत असत. आजी बन्सी गव्हाचाच रवा हवा असा हट्ट धरायची, कारण साध्या गव्हाच्या शेवया खिरीत विरघळतात असे तिचे म्हणणे होते. अंगणात दोन खुर्च्यांच्या पाठींवर काठ्या आडव्या टाकून त्यांवर शेवया वाळत घातलेल्या असायच्या आणि कावळे हाकलायचे काम माझ्याकडे असायचे. पास्त्याच्या पाकिटावर 'ड्युरम गहू' असे लिहिलेले असते तो हाच का? आणि बाजारात 'व्हर्मिसेली' नावाने ज्या भाजलेल्या शेवया मिळतात, त्यांचा हा पदार्थ करता येईल का?

सांजवात

कृष्णाकाठ, तुमच्या आजीचे निरीक्षण अचूक होते. बन्सी हा ड्युरम जातीचाच गहू आहे. त्याचा दाणा कठीण आणि पिवळसर असतो, त्याचा रवा भरड निघतो आणि त्यातली प्रथिने शिजताना स्टार्चला घट्ट धरून ठेवतात, म्हणून तार आतून कणखर राहते. इटलीत तयार होणारा सुका पास्ता ड्युरमच्याच रव्याचा असावा असे तिथल्या 1967 सालच्या कायद्याने ठरवून दिले आहे. आपल्याकडे पाकीट घेताना मागची बारीक अक्षरे वाचावीत. मैद्याचा पास्ता असेल तर कितीही काळजी घेतली तरी तो पॅनमधल्या शेवटच्या दोन मिनिटांत लगदा होतो.

काठ्यांवर वाळणाऱ्या शेवयांचे तुमचे वर्णन वाचून मला ग्रान्यानो आठवले. नापोलीच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. वरच्या दरीत पाणचक्क्या होत्या आणि त्यांच्यामुळे तिला 'गिरण्यांची दरी' असेच नाव पडले. खाली व्हिया रोमा या रुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना बांबूंवर पास्ता वाळत घातलेला असे. डोंगरावरून येणारा आणि समुद्रावरून येणारा वारा त्याला आलटून पालटून लागत असे. तशी जुनी छायाचित्रे नापोलीतल्या दुकानांत टांगलेली दिसतात आणि त्यांत काठ्यांखालून पळणारी मुलेही असतात. आता वाळवण बंद खोल्यांत होते, पण चांगले कारखाने अजूनही ते कमी उष्णतेवर, सावकाश करतात. ग्रान्यानोच्या पास्त्याला 2013 साली युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला पास्ता ब्राँझच्या साच्यातून काढतात, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग खरखरीत आणि पिठूळ दिसतो. टेफ्लॉनच्या साच्यातला पास्ता गुळगुळीत आणि चकचकीत असतो. या पदार्थाला खरखरीत पास्ता अधिक मानवतो, कारण त्याच्यातून पाण्यात स्टार्च जास्त उतरतो आणि त्यावर रसही टिकतो.

नावाच्या घोळाबद्दल सांगायचे तर इटलीतली 'व्हर्मिचेल्ली' स्पगेटीहून किंचित जाड असते आणि नापोलीची जुनी माणसे हा पदार्थ तिचाच करतात. आपल्याकडे त्याच नावाने मिळते ती केसासारखी बारीक शेवई. ती वापरली तर उपमा होईल, आणि उपम्याला फोडणी दिलेलीच बरी.

तिरफळ

आम्ही मालवणची माणसे खोबऱ्यावर वाढलेली, त्यामुळे ऑलिव्ह तेलातले आम्हांला काही कळत नाही हे आधीच कबूल करतो. दुकानात गेलो तर एकाच फळीवर एक्स्ट्रा व्हर्जिन, 'लाइट' आणि 'पोमेस' अशा तीन बाटल्या होत्या आणि पोमेसची किंमत निम्म्याहून कमी होती. दुकानदार म्हणाला की एक्स्ट्रा व्हर्जिन तापवायचे नसते, ते फक्त सॅलडवर घालायचे असते, आणि स्वयंपाकासाठी पोमेसच न्यावे. हे खरे आहे का? आणि तेलच महत्त्वाचे असेल तर घाण्याचे शेंगदाणा तेल का चालू नये? मिरची कोणती घ्यावी तेही सांगावे.

सांजवात

तिरफळ, दुकानदाराचे म्हणणे अनेक जण सांगतात, पण या पदार्थाला ते लागू पडत नाही. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाचा धूर साधारण 190 ते 210 अंश सेल्सिअसच्या आसपास निघू लागतो आणि आपण तर लसणातले पाणी उडेपर्यंतच, तेही मंद आचेवर, ते तापवतो. धूर दिसला तर लसूण त्याच्या कितीतरी आधी कोळसा झालेला असेल.

एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळे दळून, कोणतेही रसायन न वापरता, केवळ यंत्राच्या साहाय्याने काढलेले तेल. युरोपीय नियमांनुसार त्यातली आम्लता 0.8 टक्क्यांपेक्षा अधिक असून चालत नाही. पोमेस म्हणजे हे तेल काढून झाल्यावर उरलेला चोथा. त्यात राहिलेले तेल रासायनिक द्रावक वापरून काढतात, ते शुद्ध करून त्याचा रंग-वास घालवतात आणि मग त्यात थोडे व्हर्जिन तेल मिसळून विकतात. 'लाइट' लिहिलेले तेलही मुख्यतः शुद्ध केलेलेच असते. हलकेपणा वासाचा आणि रंगाचा असतो, उष्मांक तेवढेच असतात. भजी तळायला पोमेस खुशाल वापरावे. इथे मात्र नावातला अर्धा पदार्थच तेल आहे, त्यामुळे तिथे काटकसर करू नये. वर्षातून दोनदाच करा, पण लहान, गडद काचेची, अलीकडची तारीख असलेली बाटली आणा आणि उघडल्यावर ती दोन-तीन महिन्यांत संपवा.

शेंगदाणा तेलात मी करून पाहिले आहे. चांगले लागते, परंतु शेंगदाण्याचा वास पहिल्या घासापासून पुढे येतो आणि लसूण मागे पडतो. मी त्याला लसणाच्या शेवया म्हणेन आणि आवडीने खाईन.

मिरची तिखट पण बेताची असावी. ब्याडगी घातली तर तेलाला सुंदर लाल रंग येतो आणि तिखटपणा जवळजवळ येत नाही. लवंगी एक जरी जास्त पडली तर दुसरे काहीच कळत नाही. मी संकेश्वरी वापरते, बिया झटकून. मिरची अमेरिका खंडातून निघून पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली आणि इटलीच्या दक्षिणेतही ती मूळची नव्हे. तिथे कलाब्रियाच्या लोकांनी तिला आपल्या कोल्हापूरकरांइतकेच डोक्यावर घेतले आहे. दियामांते या किनाऱ्यावरच्या गावात दर सप्टेंबरमध्ये मिरचीचा उत्सव भरतो.

रोमकर

मी सात वर्षांपासून रोममध्ये नोकरीसाठी आहे. धागा वाचून आनंद झाला आणि दोन ठिकाणी मतभेद नोंदवावेसे वाटले.

धागाकर्तीने चीजचा उल्लेखही केलेला नाही. नापोलीकरांच्या दृष्टीने ते बरोबर आहे, परंतु माझ्या कचेरीतले निम्मे सहकारी यावर मेंढीच्या दुधाचे खारट पेकोरिनो किसून घालतात आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडे आपण आमरसात दूध घालणाऱ्याकडे पाहतो तसे पाहतात. मला स्वतःला पेकोरिनो आवडते. मात्र चीज घातल्यावर मीठ कमी करावे लागते आणि तो दुधट रस घट्ट होऊन गोळे धरण्याची भीती असते, म्हणून ते गॅस बंद केल्यावरच घालावे. दक्षिणेकडे यावर एक जुना उपाय आहे. शिळ्या पावाचा चुरा थोड्या ऑलिव्ह तेलात खरपूस परतून वरून भुरभुरतात. ज्यांना चीज परवडत नसे त्यांचे हे चीज. आपल्या शिळ्या पावाला यापेक्षा चांगली गती मिळणार नाही.

दुसरा मतभेद लसणाच्या कापांबद्दल आहे. इथे अनेक घरांत पाकळी सालीसकट ठेचून तेलात सोडतात आणि स्वाद उतरला की काढून टाकतात. ज्यांना लसूण दाताखाली आलेला आवडत नाही, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक आहे, त्यांनी हा मार्ग धरावा.

तिरफळ यांना मुद्दाम सांगतो की अमाल्फीच्या किनाऱ्यावर चेतारा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथे आपल्या मांदेलीच्याच कुळातले आन्चोवी मासे मिठात लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरवतात आणि त्यांतून ठिबकणारा तांबूस अर्क बाटलीत भरतात. त्याला 'कोलातुरा' म्हणतात. लसूण-तेलाच्या पास्त्यात गॅस बंद केल्यावर माणशी एक लहान चमचा कोलातुरा घालायचा आणि पास्त्याच्या पाण्यात मीठ अजिबात घालायचे नाही. सुकटीची सवय असलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही.

तिरफळ

रोमकर, पुढच्या खेपेला येताना एक बाटली घेऊन यावी, सोलकढी आमच्याकडे लागली.

हिंगाष्टक

आमरसात दूध घालणाऱ्यांपैकी मी एक आहे, त्यामुळे मी चीजच्या बाजूने मत नोंदवतो. पार्सलीऐवजी कोथिंबीर घातली तर नापोलीकर काय करतील?

सांजवात

नापोलीकर काय करतील ते माहीत नाही, मी घालणार नाही. कोथिंबिरीचा वास शिरजोर असतो आणि ती पडली की पदार्थ आपल्या ओळखीच्या चवीकडे वळतो. पार्सली मिळाली नाही तर हिरवे काहीच न घातलेले बरे. कुंडीत बी पेरून ठेवावे, पण ते रुजायला तीन आठवडेही घेते, तोवर कुंडी उकरून पाहू नये. रोमकरांचा पावाचा चुरा मात्र मी विसरलेच होते, त्याबद्दल आभार.

कृष्णाकाठ

एक व्यावहारिक प्रश्न आहे. हे लसणाचे तेल एकदम पाव लिटर करून, लसणासकट बाटलीत भरून ओट्यावर ठेवले तर आयत्या वेळी दहा मिनिटांत पास्ता होईल का? लसणाचे लोणचे वर्षभर टिकते, त्या अर्थी हेही टिकायला हरकत नसावी.

रसायन

कृष्णाकाठ, हे कृपया करू नका. लसूण जमिनीत वाढतो आणि त्याच्याबरोबर क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. हवा लागत नाही, आंबटपणा नाही आणि भोवती ओलावा आहे, अशा जागी, नेहमीच्या तापमानाला, ते रुजतात आणि अत्यंत घातक विष तयार करतात. तेलात बुडालेल्या लसणाची अवस्था नेमकी अशीच असते. घरगुती शिजवण्याने हे बीजाणू मरत नाहीत आणि विष तयार झालेले वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही. लोणच्यात भरपूर मीठ आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगर असते, त्या आम्लतेमुळे ते सुरक्षित राहते. तिथे तेल केवळ वरचे झाकण असते. लसणाचे तेल उरलेच तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे. तसेही लसणाचे काप करायला पाच मिनिटेच लागतात.

अर्धाकप

आज कांदेनवमी होती आणि आमच्याकडे भजी आणि भरीत यांच्या जोडीला मी हा पास्ता पुन्हा करून पाहिला. सासूबाई चातुर्मास पाळतात, त्यामुळे त्यांना खाऊ घालायची आजच शेवटची संधी होती.

थंड पॅनमध्ये थंड तेल ओतताना हात अडखळला, हे मान्य करते. बुडबुडे यायला चार मिनिटे लागली आणि तेवढ्या वेळात दोनदा आच वाढवायचा मोह झाला. काप पिवळे पडताक्षणी गॅस बंद केला, तरी पाणी घालायला पळी शोधण्यात जो वेळ गेला तेवढ्यात चार काप तपकिरी झालेच. ते वेचून काढले. म्हणून नवशिक्यांना सांगते की पळी आधीच पाण्यात बुडवून ठेवावी. पास्ता घातल्यावर पहिले मिनिटभर तेल वेगळेच दिसत होते आणि मागच्या रविवारची पुनरावृत्ती होणार असे वाटले. रसायन सरांचे आठवून आणखी अर्धी पळी गढूळ पाणी घातले आणि मोठ्या आचेवर जोरात हलवले, तेव्हा तळाचा रस एकदम पांढरट झाला. तो क्षण मला स्पष्ट दिसला.

सासूबाईंनी पहिला घास घेऊन "याला फोडणी नाही का?" असे विचारले. दुसरा घास घेतल्यावर काही विचारले नाही आणि शेवटी ताटलीतला रस भरिताबरोबरच्या भाकरीने पुसून घेतला. आता यजमानांनी परस्पर येत्या रविवारी त्यांच्या दहा मित्रांना हाच पास्ता खायला बोलावले आहे. दहा जणांसाठी सगळी प्रमाणे पाचपट करावीत का?

सांजवात

अर्धाकप, मनापासून अभिनंदन. भाकरीने रस पुसण्याला तिथे 'स्कार्पेत्ता', म्हणजे 'छोटा जोडा', म्हणतात. ते लोक पाव वापरतात.

पाचपट मात्र करू नका. घरगुती पॅनमध्ये 400 ग्रॅमहून अधिक स्पगेटी नीट हलवता येत नाही आणि हलवता आली नाही तर रस जमत नाही. चार-चार आणि दोन अशा तीन फेऱ्या कराव्यात. तेल आणि लसूण प्रत्येक फेरीला नवे घ्यावे, पास्ताही प्रत्येक वेळी वेगळा शिजवावा, पण पाणी तेच ठेवून त्यात थोडी भर घालावी; तिसऱ्या फेरीपर्यंत ते छान दाट झालेले असते आणि उकळून थोडे खारटही, म्हणून भर घालताना मीठ जपून टाकावे. ज्या फेरीचा पास्ता तयार होईल तिची माणसे जेवायला बसतील आणि बाकीची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहतील. पोर्तिचीला आमच्याकडे असेच होत असे. काही उरलेच तर दुसऱ्या दिवशी तीन-चार अंडी फेटून त्यात तो पास्ता कालवावा आणि पॅनमध्ये दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावा. नापोलीची माणसे त्याचे त्रिकोण कापून समुद्रावर डब्यात घेऊन जातात.